वर्गणीएवढे अनुदान

मानसिक आजारातून किंवा व्यसनातून सावरलेल्या माणसांनी आपल्याच वस्तीतल्या लोकांसाठी एखादा कार्यक्रम करावा आणि त्याच्या खर्चापुरते पाच, दहा, फार तर पंचवीस हजार रुपये कुणीतरी त्यांना द्यावेत, अशी लघुअनुदानाची कल्पना आहे. रक्कम गणेशमंडळाच्या वर्गणीपुस्तकातल्या दोन-चार जाड पावत्यांएवढी. तिच्यातून दवाखाना उभा राहत नाही, समुपदेशक नेमता येत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी समाजमंदिर मिळते, खुर्च्या येतात, चहा होतो आणि चाळीस-पन्नास माणसे दीड-दोन तास अशा विषयावर बोलतात, जो एरवी घराच्या उंबऱ्याबाहेर निघत नाही.

कार्यक्रम करणारे कोण, यावर सगळे अवलंबून असते. मराठी मनआरोग्य चळवळीत आजार सोसणाऱ्या माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर म्हणतात. व्यसनमुक्तीच्या गटांची बोली आणखी वेगळी: तिथे माणूस ‘सोबर’ असतो, पुन्हा प्याला तर त्याची ‘स्लिप’ होते, आणि मीटिंगमध्ये तो भाषण करत नाही, ‘शेअरिंग’ करतो. लघुअनुदानाचे पैसे कशावर खर्चायचे, हे या माणसांच्या हाती असते. विषय, वेळ, जागा, बोलणारा माणूस तेच ठरवतात. डॉक्टर आलेच तर पाहुणे म्हणून येतात. रुग्णालयाने भरवलेले मोफत तपासणी शिबिर कितीही उपयोगाचे असले तरी या प्रकारात मोडत नाही.

परदेशात ही पद्धत रुळलेली आहे. अमेरिकेत १९८९ पासून सप्टेंबर महिना व्यसनातून सावरण्याचा महिना म्हणून पाळला जातो. पुढे त्यात मानसिक आजारही आले. त्या निमित्ताने गावोगावचे गट किरकोळ रकमांवर सहभोजने, पदयात्रा, गाण्याचे कार्यक्रम करतात. इंग्लंडमध्ये ‘टाइम टू चेंज’ ही मोहीम २००७ पासून मार्च २०२१ पर्यंत चालली. मानसिक आजाराबद्दलचा कलंक कमी करणे हे तिचे काम, आणि त्यासाठी जाहिरातींबरोबरच स्थानिक गटांच्या छोट्या उपक्रमांनाही तिने पैसा पुरवला.

पैसा तज्ज्ञांऐवजी भोगलेल्या माणसांकडे का द्यायचा, याला आधार आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. उपचाराची गरज असूनही तो न मिळणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. दारूच्या विकारात ते ८६ टक्के होते. (सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला कारण नाही.) उपचार न मिळण्यामागे डॉक्टरांची टंचाई असते, तशीच लाजही असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४ देशांतले ७२ अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या मनातला आकस कमी करायला नुसत्या माहितीपेक्षा आजारातून गेलेल्या माणसाशी झालेली गाठभेट अधिक उपयोगी पडते, असे त्यातून दिसले. किशोरवयीन मुलांमध्ये मात्र शिकवण्याचा परिणाम जास्त होता. तेव्हा शाळेत जाऊन तेच करावे की नाही, हा वेगळा प्रश्न.

व्यसनाबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, आणि त्या वळणाच्या उपचारांवरील २७ अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दारू पूर्ण सोडून राहण्यात ही पद्धत, शिस्तीने राबवली तर, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरते, असा त्याचा निष्कर्ष आहे. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारांत समदुःखींच्या आधाराने आशा आणि आत्मविश्वास वाढतो, असे काही अभ्यास सांगतात. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळते, याला मात्र पुरेसा आधार मिळालेला नाही. कार्यक्रमाच्या आयोजकांनी आणि पैसे देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. मेळावा औषधाची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात मोठ्या सरकारी योजनेतून झालेली नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्राची घडी बसवली. तिथून बरी होऊन गेलेली माणसेच पुढे तिथे समुपदेशक झाली, हे मुक्तांगणचे सगळ्यात मोठे वैशिष्ट्य. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत असाच पुढाकार एका शुभंकराने घेतला. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे सा, ही संस्था काढली. शुभार्थी आणि शुभंकरांचे आधारगट हा तिच्या कामाचा कणा राहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही वाणींच्याच पुढाकारातून आला, आणि कित्येक मराठी घरांत या आजाराचे नाव त्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले गेले.

कमी खर्चाच्या कार्यक्रमाचा उत्तम मराठी नमुना मात्र ३१ डिसेंबरच्या रात्री दिसतो. अंधश्रद्धा निर्मूलन समिती, साताऱ्याची परिवर्तन संस्था आणि व्यसनमुक्तीचे इतर कार्यकर्ते चौकात मसाला दूध वाटतात. ‘द’ दारूचा नव्हे, दुधाचा, एवढाच संदेश. एक पातेले, गॅसची शेगडी, पेले आणि चार कार्यकर्ते एवढे भांडवल पुरते. जिथे त्या चारांत दोघे व्यसनमुक्त असतात, तिथे दुधाच्या पेल्याबरोबर एखादा फोन नंबरही हातात जातो.

पैसा घ्यावा की घेऊ नये, हा वाद या चळवळीत पहिल्यापासून आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय लघुअनुदानाची योजना आखता येत नाही. एएची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात झाली. शेअर दलाल बिल आणि शल्यविशारद डॉ. बॉब हे दोघे तिचे संस्थापक. दोन वर्षांतच त्यांना मोठी स्वप्ने पडू लागली: रुग्णालये काढू, पगारी प्रचारक नेमू, पुस्तक छापू. मदतीसाठी ते धनकुबेर जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या माणसांपर्यंत पोहोचले. रॉकफेलरच्या सल्लागाराने ॲक्रनला जाऊन पाहणी केली आणि ५० हजार डॉलर द्यावेत अशी शिफारस केली. रॉकफेलरनी १९३८ मध्ये फक्त ५ हजार दिले, तेही न्यूयॉर्कच्या एका चर्चच्या खात्यात ठेवून, दोघांच्या चरितार्थापुरते. जास्त पैशाने हे काम बिघडेल, असे त्यांचे मत होते. डॉ. बॉबच्या घरावरचे कर्ज त्यातून फिटले. त्या वेळी हिरमुसलेले संस्थापक पुढे त्याच मताचे झाले. एएच्या बारा परंपरांपैकी सातवी सांगते की प्रत्येक गटाने स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि बाहेरच्या देणग्या नाकाराव्यात.

भारतात एए १९५७ पासून आहे आणि महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावापासून तालुक्यापर्यंत तिचे गट आहेत. मीटिंगच्या शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो. त्यालाच सभासद ‘सातवी परंपरा’ म्हणतात. पाच-दहा रुपये पडतात आणि त्यातून खोलीचे भाडे, चहा, पुस्तके भागतात. अशा गटाला कुणी प्रेमाने दहा हजारांचा धनादेश देऊ केला तरी तो परत जातो. देणाऱ्याला हा उर्मटपणा वाटू शकतो, पण तो नियम आहे, आणि शहाणपणाचाही आहे: नुकत्याच सावरलेल्या माणसांच्या गटात पैशावरून भांडण लागले तर एखाद्याची स्लिप व्हायला तेवढे निमित्त पुरते. म्हणून लघुअनुदान एएच्या गटाला देऊ नये. ते शुभंकरांच्या आधारगटाला, व्यसनमुक्तांच्या स्वतंत्र मंडळाला किंवा महिलांच्या गटाला द्यावे; एएचे सभासद तिथे पाहुणे म्हणून येऊन बोलू शकतात. ते आडनाव सांगत नाहीत आणि छायाचित्र काढू देत नाहीत. तीही त्यांची परंपराच.

अशी योजना नाशिक शहरातल्या अंबड या औद्योगिक पट्ट्यात आणायची, तर सर्वांत जवळचे उदाहरण शहरातले नाही, नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ तालुक्यातले आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ नंतर तिथल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प राबवला. कॅनडाच्या ‘ग्रँड चॅलेंजेस’ या निधीचा त्याला आधार होता. गावातलीच माणसे दोन पातळ्यांवर निवडली गेली. ‘मित्र’ म्हणून काम करणाऱ्यांनी वस्तीत कोण खचले आहे ते ओळखायचे. ‘चॅम्पियन’ म्हणून निवडलेल्यांनी अशा माणसाशी चार ते सहा वेळा बसून बोलायचे, त्याचे ऐकून घ्यायचे, अडचणीतून वाट काढायला मदत करायची, मोबाइलवर छोट्या चित्रफिती दाखवायच्या, सरकारी योजनेचा अर्ज भरून द्यायचा आणि आजार तीव्र असेल तर जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य सेवेकडे धाडायचे. पुढे हा प्रकल्प गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याची चांगल्या पद्धतींमध्ये नोंद घेतली. पेठची माणसे मजुरीसाठी नाशिकला येतात. पेठचा अनुभव शहरात यायला अजून वाव आहे.

अंबडचे प्रश्न पेठपेक्षा वेगळे आहेत. मुंबई–आग्रा महामार्गाला लागून असलेली औद्योगिक वसाहत, तिच्या पोटातले जुने अंबड गाव, चुंचाळ्याची घरकुले आणि शेजारी सिडकोने सहा योजनांत वसवलेले नवीन नाशिक, असा हा पट्टा आहे. उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक या भागांत खानदेश आणि नाशिक जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातून आलेली कुटुंबे दोन पिढ्या राहत आहेत. अलीकडे कंत्राटी कामावर आलेले उत्तर प्रदेश आणि बिहारचे तरुण चार-चार जण एका खोलीत राहतात. पाळीचे काम, झोपेचा खेळखंडोबा, कंत्राट कधी संपेल याची धास्ती, गावाकडचे कर्ज आणि गेटबाहेर पडताच समोर दिसणारे दारूचे दुकान, एवढी सामग्री इथे एकत्र येते. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये मात्र ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, नाशिकला नाही. झोप लागत नाही म्हणून कंत्राटी कामगार रोजी बुडवून मनोविकारतज्ज्ञाकडे जाईल, ही अपेक्षाच चुकीची. त्याआधी त्याला तसाच भोगून गेलेला कुणी भेटावा लागतो.

अशा वस्तीत पन्नास माणसांच्या मेळाव्याला साधारण पंधरा हजार रुपये धरले, तर ते कशावर जातात हे नीट पाहण्यासारखे आहे. समाजमंदिर किंवा मनपा शाळेचे सभागृह स्वस्तात मिळते. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणि पंखे. चहा आणि पोहे. लांबून येणाऱ्या शुभार्थींचे सिटीलिंक बसचे किंवा रिक्षाचे भाडे. लहान मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळणाऱ्या ताईचे मानधन, कारण मुले सोबत असली की आई मोकळेपणाने बोलत नाही. आठवडाभर फोन करून माणसे गोळा करणाऱ्याचे रिचार्ज. आणि सर्वांत महत्त्वाचा, पण अनुदान देणाऱ्यांना हमखास खटकणारा खर्च: आयोजकांची बुडालेली रोजी. कंत्राटी कामगाराने मेळाव्यासाठी दोन खाडे केले तर त्याचा भुर्दंड त्याच्या घराला बसतो. ‘सेवाभावी काम आहे, पैसे कशाला?’ असे विचारणारे बहुधा मासिक पगारदार असतात.

याउलट फ्लेक्सवर हजारो रुपये उडतात तेव्हा कुणी हरकत घेत नाही. देणाऱ्यांचे फोटो, शुभेच्छुकांची रांग आणि वर ठळक अक्षरांत ‘मनोरुग्ण मेळावा’ असे लिहिले की निम्मी माणसे त्या गल्लीत पाऊलही टाकत नाहीत. शेजाऱ्याने पाहिले तर मुलीच्या लग्नाचे काय, ही भीती खरी असते. झोप, ताण, दारू, घरातली भांडणे असे रोजच्या बोलीतले शब्द असलेला साधा हँडबिलाचा कागद जास्त माणसे आणतो, आणि बचत गटातल्या बाईने तोंडी दिलेले निमंत्रण त्याहून जास्त.

वेळ ठरवतानाही बाहेरच्यांचा अंदाज चुकतो. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी तीन-साडेतीनला सुटतो, तेव्हा दुसऱ्या पाळीचा आत गेलेला असतो आणि रात्रपाळीचा सकाळी झोपतो. आठवड्याची सुट्टी सगळ्या कंपन्यांत रविवारीच असते असेही नाही. त्यामुळे एकच मोठा मेळावा घेण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या वेळांना तीन छोट्या बैठका घेतलेल्या चांगल्या. भाषेचेही तसेच. सिडकोत अहिराणीत बोललेले जेवढे आत पोहोचते तेवढे प्रमाण मराठीत नाही, आणि कंत्राटी तरुणांसाठी हिंदी लागतेच.

कार्यक्रमाचे रूप नव्याने शोधायची गरज नसते. संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत हळदीकुंकवाला बायका एकमेकींकडे जातातच. पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकांचे शेअरिंग त्याच दुपारी होऊ शकते; वाणाच्या जागी उपयुक्त फोन नंबरांचे कार्ड देता येते. एकच सावधगिरी: ज्या घरात नवऱ्याने आत्महत्या केली किंवा तो दारूने गेला, त्या बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आणि अशा बैठकीची सर्वांत जास्त गरज तिलाच असते. नाव ‘तिळगूळ मेळावा’ ठेवले की हा पेच सुटतो. हे भान वस्तीतल्या बाईला असते. अर्जाचा नमुना तयार करणाऱ्या कार्यालयाला ते सुचण्याची शक्यता कमी. निर्णय गटाकडे ठेवावा असे म्हणतात, त्यामागचे कारण हे आहे. याखेरीज २४ मे हा स्किझोफ्रेनिया दिन, २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन, १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, हे दिवस आहेतच. पण त्या दिवशी वक्ते, डॉक्टर आणि सभागृहे सगळ्यांनाच हवी असतात; साध्या महिन्यातला साधा दिवस अधिक सोयीचा.

पंधरा हजार रुपये उभे करणे अंबडसारख्या उद्योगनगरीत सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात एवढी छोटी रक्कम कायदेशीर मार्गाने देणे हीच मोठी कसरत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चावी लागते. आरोग्य त्यात बसते. पण कंपनीने थेट खर्च न करता संस्थेमार्फत करायचा तर ती संस्था नोंदणीकृत हवी, आयकराच्या १२अ आणि ८०जी खाली मान्यताप्राप्त हवी, साधारणपणे तिच्या कामाला तीन वर्षे झालेली हवीत, आणि १ एप्रिल २०२१ पासून तिच्याकडे सीएसआर-१ नोंदणीही हवी. सात शुभंकरांच्या आधारगटाकडे यातले काहीच नसते. दुसरी अडचण अशी की केंद्र सरकारच्या जून २०१४ च्या परिपत्रकाने मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सामाजिक खर्चातून वगळले आहेत. खर्च प्रकल्प म्हणून, सलग कामाचा भाग म्हणून दाखवावा लागतो. तिसरी अट अंबडला विशेष लागू पडते: फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला कार्यक्रम यात धरला जात नाही. मेळावा कारखान्याच्या कँटीनमध्ये घेतला तर तो कामगार कल्याणाचा खर्च झाला. तोच मेळावा चुंचाळ्याच्या वस्तीत, सगळ्या रहिवाशांसाठी, वर्षभराच्या मालिकेचा भाग म्हणून घेतला तर तो बसू शकतो.

परदेशी पैशाची वाट जवळजवळ बंद आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण मनाई झाली. मोठ्या संस्थेने बाहेरून निधी आणायचा आणि वस्त्यांतल्या गटांना वाटायचा, ही जगभर चालणारी पद्धत त्यामुळे इथे चालत नाही. परदेशस्थ मराठी माणसांनाही हे ठाऊक असलेले बरे.

राहतात ते तीन मार्ग. पहिला, नोंदणीकृत स्थानिक संस्थेने छत्र धरायचे: पैसे तिच्या खात्यात येतात, ठरवते ती वस्ती, आणि मंडपवाला, चहावाला, छपाईवाला यांची बिले संस्था थेट चुकती करते. गटाच्या हाती रोख जात नाही. नुकत्याच सोबर झालेल्या माणसाच्या खिशात रोकड नको, असे त्याचे सोबतीच सांगतात. अंबडची आयमा आणि सातपूरची निमा या उद्योजक संघटना, रोटरी किंवा लायन्सचे स्थानिक क्लब यांनी अशा संस्थेकडे वर्षाला एक रक्कम ठेवून तिचे तुकडे पाडले, तर कलम १३५ च्या कक्षेबाहेरचे छोटे कारखानदारही त्यात भर घालू शकतात. दुसरा मार्ग महापालिकेचा. स्थानिक स्वराज्य संस्थांना आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. हा निधी मागताना मानसिक आजाराचे नाव क्वचितच कुणी घेते. तिसरा मार्ग वर्गणीचा. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशमंडळे ती दर वर्षी काढतात, म्हणजे ती कशी काढायची हे प्रत्येक गल्लीत कुणाला तरी माहीत असते.

अर्ज दोन पानांच्या आत आणि मराठीत असावा. कोण करणार, कुणासाठी, कधी, कुठे, किती पैसे कशावर, आणि कुणी कोलमडले तर काय करणार, एवढे प्रश्न पुरे. निवड करणाऱ्यांत शुभार्थी आणि व्यसनमुक्त माणसे हवीत, नाहीतर झकास इंग्रजीत लिहिणाऱ्यालाच पैसे मिळतात. हिशेब पावत्यांसह एक पान. ‘किती लाभार्थी?’ या रकान्यापेक्षा ‘पुढच्या महिन्यात पुन्हा आलेले किती?’ हा रकाना अधिक सांगतो. पहिल्याच खेपेला पंचवीस हजार देण्यापेक्षा वर्षात चार वेळा सहा-सहा हजार दिलेले चांगले. एका कार्यक्रमाने मन बदलत नाही आणि दुसऱ्याला आलेला माणूस तिसऱ्याला बोलतो.

छायाचित्रांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडायला हवा. देणाऱ्यांना पुरावा म्हणून फोटो हवे असतात आणि कार्यकर्ते उत्साहाने ते व्हॉट्सॲपवर टाकतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ ने उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास बंदी केली आहे. वस्तीतला मेळावा म्हणजे रुग्णालय नव्हे, पण नियम तोच पाळावा. रिकाम्या खुर्च्यांचा, दुधाच्या पातेल्याचा किंवा पाठमोऱ्या माणसांचा एक फोटो हिशेबाला पुरतो.

लाउडस्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो. पन्नास माणसांत आवाज पोहोचवायला खरे तर माइक लागतच नाही, आणि माइक समोर आला की शेअरिंगचे भाषण होते.

शेवटची तयारी वाईट क्षणाची. कुणाची जखम उघडी पडते, कुणी रडत बाहेर जातो, कुणी मरण्याच्या गोष्टी बोलतो, कुणी पिऊन येतो. यासाठी दोन अनुभवी माणसे फक्त दाराशी बसवावीत, बोलण्याच्या यादीत त्यांचे नाव घालू नये. आत्महत्येची पद्धत कुणी सविस्तर सांगू लागला तर त्याला हळूच थांबवावे. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाशी आणि जिल्हा रुग्णालयाशी आधी बोलून ठेवावे, त्या दिवशी फोन उचलणारा माणूस कोण हे ठरवावे, आणि मेळाव्यानंतर दोन दिवसांत प्रत्येक बोललेल्या माणसाला एक फोन करावा. हँडबिलावर वक्त्यांची नावे नसली तरी चालेल, पण दोन क्रमांक छापावेत: १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू असलेली, मराठीतही बोलणारी टेलि-मानस ही मोफत सरकारी सेवा १४४१६, आणि व्यसनासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६.